कोण कुठल्या लेव्हलला

आमच्याकडे पोरं तीन. थोरली ८ वर्षांची, मधला ६ चा, धाकटी नुकती ४ पूर्ण. तिघांना घरीच शिकवायचं ठरलं, कामाची वाटणी झाली आणि बायको म्हणाली, तुला एक्सेल येतं ना, मग अभ्यासाच्या पुस्तकांची कुणाला कुठली लेव्हल ते तू ठरव. मला वाटलं थोरलीला तिसरी, मधल्याला पहिली, धाकटीला बालवाडी, झालं की, पाच मिनिटांचं काम! त्याला आता तीन आठवडे झाले आणि त्या शीटला ११ टॅब आहेत.

मुळात लेव्हल १ म्हणजे पहिली नव्हे, हेच मला चौथ्या दिवशी कळलं. हे रेडिमेड कपड्यांच्या साइजसारखं आहे, एकाचा मीडियम गळ्यात अडकतो आणि दुसऱ्याच्या मीडियममध्ये दोघं मावतात. एका लेव्हल २ मध्ये हातच्याची वजाबाकी आणि दुसऱ्या लेव्हल २ मध्ये अजून ससे मोजणं चालू. त्यात पुन्हा दोन पंथ. एक म्हणतो बेरीज घेतली की ती पार पिळून काढा, मगच पुढे सरका. दुसऱ्याचं आज बेरीज, उद्या घड्याळ, परवा लिटर-मिलिलिटर आणि मग फिरून परत बेरीज. मध्येच पंथ बदलला तर पोर भागाकार दोनदा शिकतं आणि अपूर्णांकाशी त्याची कधी भेटच होत नाही.

मग कळलं की लेव्हल ठरवायला प्लेसमेंट टेस्ट असते, पोर अडखळेल तिथे थांबायचं म्हणे. आमची थोरली जोडाक्षरांच्या अख्ख्या पानावर अडखळली नाही, पण गणितात हातचा घेते आणि घेतला होता हेच विसरते (उधारीच्या बाबतीत ती माझ्यावर गेलीय असं बायकोचं मत). मधला उलटा. दोन आकडी बेरजा तोंडी फटाफट, पण हातात पेन्सिल दिली की आधी टोक नसतं, मग हात दुखतो, मग शू लागते. लेखी टेस्टमध्ये त्याला शून्य, तीच टेस्ट तोंडी घेतली तर सगळं बरोबर. आता हा मुलगा कुठल्या लेव्हलचा? डोक्याने दुसरीतला आणि बोटांनी बालवाडीतला, आणि पुस्तक तर डोकं-बोटं एकत्र धरूनच छापलेलं.

धाकटीला टेस्ट नको म्हणून मी पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाचा प्रयोग केला. पाच बटणं इकडे, पाच तिकडे, समोरासमोर. म्हणाली सारखी. मग तिच्यादेखतच एक ओळ जरा लांबवली, तर म्हणाली ही जास्त! या वयाची पोरं असंच म्हणतात हे वाचलेलं असल्यामुळे मी जाम खूश झालो, पण मधला मागे उभा राहून बघत होता हे मला दिसलं नाही. संध्याकाळी ठोकळ्यांची वाटणी झाली तेव्हा त्याने हिचे सहा ठोकळे लांबलचक मांडून दिले, स्वतः चौदा घेतले आणि ही आनंदात निघून गेली. भांडण नाही, रडारड नाही. याला कुठल्या विषयात मार्क द्यायचे ते मी अजून ठरवलेलं नाही.

वेगवेगळ्या वयाची पोरं एकत्र बसवून शिकवता येतं हे मॉन्टेसरीबाईंनी १९०७ सालीच रोममध्ये करून दाखवलं होतं, म्हणून विज्ञान आणि इतिहास तिघांना एकच ठेवला. थोरली लिहिते, मधला तोंडी सांगतो, धाकटी चित्र काढते. हे चक्क जमलं. पण वाचन आणि गणित असं एका हंड्यात शिजत नाही, आणि खरी ठिणगी तिथेच पडली. माझ्या ११ टॅबांचा निष्कर्ष असा की थोरली आणि मधला, दोघंही गणितात लेव्हल २.

थोरली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाबा, तो माझ्यानंतर जन्मलाय. यावर काय बोलणार? मधल्याने तर घरात कुणीही काहीही विचारलं की आधी "मी पण लेव्हल टू" सांगून मग उत्तर द्यायचं सुरू केलं होतं.

शेवटी बायकोने सगळ्या पुस्तकांना ब्राउन पेपरची कव्हरं घातली आणि वर नुसते रंगीत ठिपके लावले. आकडाच दिसला नाही तर भांडतील कशाला? दहा मिनिटं घरात शांतता. मग मधल्याचा आवाज आला, "निळा म्हणजे टू, लाल म्हणजे वन, हो ना बाबा?"

या सगळ्यात धाकटीकडे ना पुस्तक ना ठिपका. ती तिची चित्रकलेची वही घेऊन आली, वहीवर खडूने भला मोठा ५ काढलेला, आरशात दिसतो तसा उलटा. म्हणाली, मी लेव्हल फाइव्ह.

थोरली म्हणाली, अगं, उलटा काढलायस.

मधला म्हणाला, मग ती मायनस फाइव्ह.

मी शीटमध्ये बारावा टॅब उघडला.