गाडीतला टॅब, ऊन आणि ‘वायरिंगला हात लावू नये’

जुना सात इंची टॅब गाडीत मॅप, गाणी आणि इंजिनचं रीडिंग बघायला कसा बसवायचा ते मागं लिहिलं होतं, त्यावर एक लांबलचक कॉमेंट आलीय. नाव नाही, नुसतं ‘एक वाचक’. म्हणणं असं की दहा-बारा हजारात टचस्क्रीन स्टिरिओ मिळत असताना हा जुगाड कशाला, समोर टॅब दिसला की पोलीस अडवणार, टॅबच्या स्पीकरचा आवाज गाडीत पुरत नाही, आणि शेवटी हे: ‘उन्हातल्या गाडीत टॅबची बॅटरी फुगते एवढं ज्याला कळत नाही त्यानं वायरिंगला हात लावू नये आणि दुसऱ्यांना शिकवूही नये.’

आवाजाचं मान्य, एकदम मान्य. काचा खाली असल्या की टॅबचा स्पीकर ऐकूच येत नाही, टॅबमधनं स्टिरिओला जोडायची ऑक्सची वायर नाहीतर ब्लूटूथ लागतोच. पण दादा, ते शेवटचं वाक्य काही डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायलोय.

माझे बाबा बेळगावात उद्यमबागच्या बाजूला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करायचे. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथंच, कोणाचा सेल्फ उघडलेला, कोणाचा डायनामो, आणि टेस्टचा दिवा हातात धरून कुठल्या वायरला करंट आहे कुठल्या नाही हे मी गणिताच्या आधी शिकलो. फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून आणलेल्या टेम्पोचं वायरिंग जळून एकमेकांला चिकटलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि बाबांनी ते एकेक वायर सोडवत नवीन ओढलेलं पण. त्या घरातल्या पोराला तुम्ही सांगताय हात लावू नको. तुमचं वय काय, काम काय, मला माहीत नाही, पण समोर दुकानात उभं राहून तुम्ही हे असं बोलला असता का? माहिती चुकीची वाटली तर ‘इथं चुकतंय, बघा’ म्हणायचं, मी ऐकतो. लायकी काढायची गरज नव्हती.

आता वायरिंग म्हणजे मी नेमकं काय सांगितलं होतं ते परत सांगतो, कारण तुम्ही तेवढं वाचलेलं दिसत नाही. बाजारातल्या स्टिरिओच्या सॉकेटात साधारण पिवळी वायर कायम चालू असते, लाल चावीवर चालते, काळी अर्थिंगची. टॅबचं चार्जिंग लालवरनं घ्यायचं, पिवळीवरनं नाही, आणि रंगावर विश्वास न ठेवता आधी टेस्टर लावायचा. मग बारा व्होल्टचं पाच व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि त्याच्या आधी लहान फ्यूज. टॅबला लागतात दहा वॅटच्या आसपास, म्हणजे बॅटरीच्या बाजूनं जेमतेम एक अँपियर, त्याला दोन-तीन अँपियरचा फ्यूज भरपूर झाला. गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या यूएसबीला लावून भागत नाही, त्यातली बरीच पोर्ट अर्धाच अँपियर देतात, मग मॅप चालू, ब्राइटनेस फुल्ल, आणि गोव्यात पोचेपर्यंत चार्जिंगला लावलेला टॅब उलटा उतरतो. ह्यात हात लावू नये असं काय आहे सांगा.

आणि ऊन. चावी काढली की लाल वायर मेली, म्हणजे उभ्या गाडीत चार्जिंग होतच नाही, आणि बॅटरी फुगायला उष्णता आणि फुल्ल चार्ज दोन्ही एकत्र आले की सगळ्यात वाईट. अ‍ॅपल स्वतः आयपॅडसाठी सांगतं की वापरताना 35 डिग्री आणि बंद ठेवताना 45 डिग्रीच्या वर नको, आणि एप्रिलमध्ये काचा लावलेली गाडी बेळगावातसुद्धा 45 सहज ओलांडते, मला काय ते कळत नाही होय? म्हणूनच तर टॅब पक्का डॅशमध्ये न गाडता क्लिपच्या स्टँडवर बसवा म्हणालो. उतरताना काढायचा, पिशवीत टाकायचा, बरोबर न्यायचा. तुमचा तो टचस्क्रीन स्टिरिओ काढून नेता येतो का? बऱ्याच सॅमसंग टॅबमध्ये चार्जिंग 80 किंवा 85 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, ती पण चालू करा, गाडीतल्या टॅबला तेवढं पुष्कळ होतं.

बाकीचं थोडक्यात. टचस्क्रीन स्टिरिओला डबल डिन म्हणजे 180 बाय 100 मिलिमीटरची जागा लागते, जुन्या गाड्यांत 50 मिलिमीटर उंचीचीच असते, डॅश कापायचा त्याचा त्यानं ठरवावं. पोलिसांचं म्हणाल तर 1 ऑक्टोबर 2020 पासनं नियमातच आहे की हातातलं डिव्हाइस चालवताना फक्त रस्ता बघायला वापरायचं, तेही लक्ष विचलित होणार नाही असं. चालवणाऱ्यानं व्हिडिओ लावू नये हे मी आधीच लिहिलंय, परत त्यावर बोलत नाही.

हा प्रकार मी हौस म्हणून सांगत नाही हो. बेळगावातनं गोव्याला जाताना जांबोटी सोडलं की कणकुंबी, चोर्ला घाट करत खाली केरी-साखळीपर्यंत नेट येतं आणि जातं, पावसात तर धुक्यानं दहा फुटांवरचं वळण दिसत नाही, तिथं मोठ्या स्क्रीनवर आधी उतरवून ठेवलेला मॅप असला की पुढचं वळण केवढं आहे ते आधी कळतं. बेळगावची भाजी रात्री ह्याच रस्त्यानं गोव्याला जाते, त्या पोरांना नवीन स्टिरिओ परवडत नाही, घरात पडलेला टॅब परवडतो. फक्त टॅब निवडताना जीपीएस आहे का बघा, वायफायवाल्या आयपॅडमध्ये तो नसतो, सिमवाल्यात असतो.

तुमच्या गाडीत कुठला टॅब फुगला असेल तर कुठल्या वायरवरनं चार्जिंग घेतलं होतं आणि गाडी उभी असताना तो आतच राहायचा का, एवढं लिहा, मी नीट बघून सांगतो. नाव घालून लिहिलंत तर बरं वाटेल.