साल्वातोर बंधू आणि माझ्या कांजिण्या

घरमालकाने ‘आत ये’ म्हटल्याशिवाय पिशाच्चाला उंबरा ओलांडता येत नाही, असा ‘द व्हॅम्पायर डायरीज’मध्ये नियम आहे. आमच्या दादाला तो लागू नाही. पाय प्लास्टरमध्ये घालून, दोन बॅगा रिक्षावाल्याच्या हातात देऊन तो आमच्याकडे सहा आठवड्यांच्या मुक्कामाला आला आणि पहिल्याच संध्याकाळी त्याने रिमोट उशीखाली घातला. त्याचा वेळ जावा म्हणून माझ्या लेकीने त्याला ही मालिका लावून दिली. आठ सीझन, १७१ भाग. रोज चार. आणि दादाला एकट्याने बघायला करमत नाही.

गोष्ट व्हर्जिनियातल्या मिस्टिक फॉल्स या गावची. साल्वातोर भावांतला डेमन थोरला, स्टीफन धाकटा. १८६४ साली दोघे कॅथरीन नावाच्या एकाच बयेच्या नादी लागतात, सख्ख्या बापाच्या गोळीने मरतात आणि पिशाच्च होऊन उठतात. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी पुन्हा दोघे एकाच मुलीच्या मागे. तीही दिसायला हुबेहूब कॅथरीन! इतक्या वर्षांत माणूस निदान गाव तरी बदलतो.

दादा अर्थातच डेमनच्या बाजूचा. स्टीफन माणसाचं रक्त सोडून खारी-सशांवर भागवतो आणि रोजनिशी लिहितो, हे बघून तो म्हणाला, “अगदी तू. दिवसा चतुर्थी, रात्री फ्रिज.” यावर बोलायला मला तोंड नव्हतं, कारण माणसाच्या रक्ताची चव लागली की स्टीफनही ताळ सोडतो.

पाचव्या दिवशी विसावा भाग लागला. त्यात पुन्हा १८६४ साल, दोघे नुकतेच मरून उठलेले. कॅथरीन जळून मेली असं समजून डेमन जीव सोडायला तयार असतो. माणसाचं रक्त प्यायला नाही, तर तो सुटणार. पण स्टीफन स्वतः पिशाच्च होऊन बसलाय आणि त्याला सोबत हवीय. तो एका मुलीला घेऊन येतो आणि थोरल्याला ते रक्त प्यायला लावतो. डेमन बजावतो, तुला कधी सुखाने जगू देणार नाही.

माझ्या घशाला कोरड पडली. मी तिसरीत होतो. कांजिण्या आल्या म्हणून मला मागच्या खोलीत, कडुनिंबाच्या पाल्यावर, वेगळं निजवलं होतं. दादा रायगडच्या सहलीला जाणार होता; बाहेर त्याचा आणि आईचा दशम्यांचा बेत चाललेला मला ऐकू यायचा. एका रात्री मी उठलो आणि गुपचूप त्याच्या गोधडीत शिरलो. पंधरा दिवसांनी सहल रायगडावर आणि दादा पाल्यावर. मला सापशिडीला भिडू मिळाला. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

दादाने भाग थांबवला.

“एकट्याला भीती वाटली असणार रे त्याला.”

“हो ना,” मी टीपॉयकडे बघत म्हणालो.

“तुझे पाय बर्फासारखे गार होते त्या रात्री.”

“तू जागा होतास? मग हाकललं का नाहीस?”

“रडत होतास.” त्याने प्लास्टरचा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. “सहलीचे पंधरा रुपये मात्र मास्तरांनी परत दिले नाहीत. चहा टाक. साखर दोन चमचे.”

पाय उचलून बाजूला ठेवला आणि चहा टाकायला उठलो. अजून १५१ भाग बाकी होते.