म्हाताऱ्या कुत्र्याला उलट्या? ‘एक दिवस वाट बघा’ हे ऐकू नका

कुत्रा ओकायला लागला की व्हॉट्सॲपवरचा एक सल्ला हटकून पुढे येतो : दिवसभर अन्नपाणी बंद ठेवा, मानेची कातडी ओढून बघा, झटकन मागे गेली तर काळजी नको, नाहीतर इलेक्ट्रॉल पाजा आणि घरातली उलटीची गोळी द्या. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्यासाठी हा सल्ला धोक्याचा आहे.

पाणी बंद करणं सगळ्यात घातक. मूत्रपिंडांचं सुमारे ७५ टक्के काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, तपासणीत त्यावरूनच बिघाड कळतो) सहसा वाढत नाही, म्हणजे कालपर्यंत ठणठणीत वाटणारं जनावरही आतून काठावर असू शकतं. अशी मूत्रपिंडं पाणी राखून ठेवू शकत नाहीत. म्हणून ‘लघवी होतेय ना, मग ठीक आहे’ हेही खोटं. अंगातलं पाणी आटत असतानाही तो भरपूर लघवी करतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार चमचे पाणी वाटीत ठेवा. तेही उलटलं तर लगेच डॉक्टर गाठा.

कातडीवर तर मुळीच विसंबू नका. वयानं ती सैल पडते आणि पाणी पुरेसं असूनही उभी राहते. लठ्ठ कुत्र्याची मात्र पाणी कमी असूनही चटकन बसते. त्यापेक्षा ओठ वर करून हिरडीला बोट लावा. ती ओली, बुळबुळीत लागायला हवी. बोट चिकटलं तर पाणी कमी पडलंय. हिरडी दाबून सोडा, पांढरा ठिपका २ सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. नाकाच्या ओलेपणावरून काही कळत नाही.

इलेक्ट्रॉलमध्ये मीठ आणि पोटॅशियम असतं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. आणि सिरिंजनं घशात ओतू नका, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. उलटीच्या गोळीचंही तेच : आतड्यात हाडूक अडकलं असेल तर मेटोक्लोप्रमाइड हे उलटी थांबवणारं औषध जिवावर बेतू शकतं.

पोट फुगलंय, उबळ येते पण बाहेर काहीच पडत नाही, तर एक तासही थांबू नका, जठर पिळलेलं असू शकतं. नसबंदी न केलेली मादी माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत सारखी पाणी पिऊन ओकत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. उलटीत रक्त दिसलं तरी तसंच, त्याच दिवशी दवाखाना. सांधेदुखीची गोळी चालू असेल तर पुढचा डोस देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा.