अंधांना मदत कशी करावी (त्यांना न विचारता)

सगळ्यात आधी अभिनंदन. दृष्टिहीन लोकांसाठी काहीतरी करायचं तुम्ही ठरवलंय आणि ठरवल्या ठरवल्या ग्रुप काढून त्याचा डीपीपण लावलाय, म्हणजे अर्धं काम झालंच. उरलेलं अर्धं मी सांगते, कारण मी अशा बऱ्याच उपक्रमांत होते आणि त्यातून एवढं कळलं की एक चूक टाळली की बाकी सगळं आपोआप जमतं. ती चूक म्हणजे समोरच्याला विचारणं.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. म्हण नीट बघा, त्यात मागणं आहे. तिथेच घोळ होतो. एकदा एका गृहस्थांना मी चुकून विचारलं की तुम्हाला काय हवंय, तर म्हणाले, तुमच्या कार्यक्रमाची पत्रिका टाइप करून पाठवा, तुम्ही फोटो पाठवलाय आणि मला सगळं वाचून दाखवणारा माझा फोन नुसतं "इमेज" म्हणून गप्प बसतो. आता बोला! आपण बॅनर छापलाय, पाहुणे ठरलेत, आणि यांना चार ओळी टाइप करून हव्यात. तेव्हापासून कानाला खडा.

रस्त्यात पांढरी काठी दिसली की मागून जाऊन दंड धरायचा. आपण कोण ते सांगायचं नाही, उत्सुकता टिकते. मग पुढे घालून ढकलत न्यायचं. शिकलेले लोक सांगतात की उलटं करायचं असतं, त्यांनी आपल्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं, म्हणजे आपण वळलो, थांबलो, पायरी चढलो हे त्यांना आपल्या हातावरून आपसूक कळतं. पण यात कधी सोडायचं हे ते ठरवणार, मग आपण फक्त हात दिलेला माणूस उरलो की नाही? पायरी आली की "सांभाळून!" एवढंच ओरडा, चढायची का उतरायची ते त्यांना पाय टाकल्यावर कळेलच. "हे बघा इकडे", "तिकडे त्या तिथे" हे सढळ हाताने वापरा. खुर्चीत बसवताना दोन्ही खांद्यांवर दाब द्यायचा. नुसता त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला तरी माणूस आपला आपण बसतो म्हणे, पण इतक्या सोप्या गोष्टीला स्वयंसेवक कशाला लागतो? आणि निघताना सांगून निघू नका. ते थोडा वेळ खांबाशी बोलतील, बोलू देत.

सोबत कोणी असेल तर फार बरं, सगळे प्रश्न त्या सोबत्याला विचारा. "यांना पाणी हवंय का?" आणि हे मोठ्याने विचारा, दिसत नाही म्हणजे ऐकूही कमीच येत असणार.

काठीवाटप हा तर हमखास कार्यक्रम. सगळ्या काठ्या एकाच लांबीच्या आणा, घाऊक स्वस्त पडतात. पांढरी लांब काठी साधारण छातीच्या हाडापर्यंत यावी लागते, प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे आणि चालीप्रमाणे बदलते, डावं पाऊल टाकताना टोक उजवीकडे टेकवायचं, उजवं टाकताना डावीकडे, आणि हे सगळं कोणीतरी नीट शिकवावं लागतं. पण शिकवणी फोटोत येत नाही, काठी येते. (काठी पांढरी करायची कल्पनापण कुठल्या समितीची नाही हो. ब्रिस्टलचे जेम्स बिग्ज नावाचे फोटोग्राफर, अपघातात त्यांची दृष्टी गेली, घराजवळच्या गाड्यांची धास्ती वाटायला लागली म्हणून १९२१ मध्ये त्यांनीच आपली काठी रंगवली. बॅनर नाही, काही नाही.)

हे असं आपलं आपण काढणं अंधांचं नेहमीचंच आहे, म्हणून मी आधीच सावध करते. ब्रेलचं बघा. पॅरिसच्या अंधशाळेत मुलांना कागदावर उठवलेली नेहमीचीच अक्षरं वाचायला लावायचे, जाडजूड पुस्तकं, बोटाला पटकन कळायची नाहीत आणि मुलांना ती लिहिता तर यायचीच नाहीत, पण डोळस मास्तरांना मात्र छान वाचता यायची. मग लुई ब्रेल नावाच्या तिथल्याच अंध मुलाने १८२४ च्या सुमाराला, १५ वर्षांचा असताना, सहा टिंबांची लिपी काढली. शाळेने काय करावं? व्यवस्थित वाट बघितली. ब्रेल १८५२ मध्ये वारले, शाळेने लिपी अधिकृत केली १८५४ मध्ये. याला म्हणतात घाई न करता केलेली समाजसेवा. कॉम्प्युटरवरचं तेच. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात ज्याने सुरू केला तो मायकल करन स्वतः अंध, आणि त्याच्या जोडीला आलेला जेम्स तेहही अंध. ही माणसं अशी आपलं आपण काढत राहिली तर आपल्या ग्रुपने करायचं काय?

म्हणून जनजागृती करा. सगळ्यांच्या डोळ्यांना १० मिनिटं पट्टी बांधा. लोक धडपडतात, घाबरतात, पट्टी सोडल्यावर रडतात आणि म्हणतात बिचारे कसे जगत असतील. १० मिनिटांत पहिल्या दिवसाची भीती तेवढी कळते, वीस वर्षांची सवय कळत नाही, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं. त्याच ओघात तोतयेही शोधा. काठीवाला माणूस मोबाइलवर काही वाचताना दिसला की पकडलाच समजा. अंध म्हणवणाऱ्या बहुतेकांना थोडंफार दिसत असतं, कोणाला नळीतून पाहिल्यासारखं फक्त मधलं दिसतं म्हणून वाचता येतं पण पायाखालचा खड्डा दिसत नाही, कोणाला कडेकडेचं दिसतं आणि समोरच्याचा चेहराच गायब असतो. असल्या बारकाव्यांत शिरलात तर संशय घ्यायची मजा जाते.

आता लेखनिक. परीक्षेत पेपर लिहून द्यायचं काम, आणि इथे तुमच्या हातात खरी सत्ता असते म्हणून जरा सविस्तर सांगते. महिनाभर आधी उत्साहाने हो म्हणा. सरावाला बसू या का असं ती मुलगी विचारेल, म्हणावं अगं त्यात काय, लिहायचंच तर आहे. मग परीक्षेच्या दिवशी सकाळी "तब्येत बरी नाही" असा मेसेज आणि दोन हात जोडलेले इमोजी. वर्षभर तिने अभ्यास केलेला असतो, तुम्ही फक्त एक सकाळ द्यायची होती, तेव्हा नुकसान कोणाचं जास्त हे उघड आहे, पण इमोजी दोन आहेत ना. आणि गेलातच, तर प्रश्न वाचताना आकृती आली की "इथे काहीतरी चित्र आहे" म्हणून पुढे चला. ती एक वाक्य सांगेल, तुम्ही आपल्या शब्दांत थोडक्यात लिहा. मागचं वाचून दाखवा म्हणाली तर घड्याळ दाखवा. (दाखवा म्हणजे, सांगा.) एक ओळखीच्या बाई मला म्हणाल्या होत्या, मी तिची दोन उत्तरं सुधारली, तिला सांगितलंच नाही. निकालानंतर कळलं की आधीची बरोबर होती. बाईंना वाईट वाटलं, पण उपक्रमात त्या अजून आहेत.

पुस्तकं रेकॉर्ड करून द्यायची असली तर तेपण करा. पंखा चालू ठेवा, तळटीपा आणि तक्ते गाळा, अख्खं पुस्तक एकाच नऊ तासांच्या फाइलमध्ये घाला, म्हणजे सातवं प्रकरण हवं असेल त्याला आधीची सहा ऐकण्याचा लाभ होईल.

फक्त एका गोष्टीपासून लांब राहा, ते बी माय आइज. हान्स यॉर्गन विबर्ग नावाच्या डेन्मार्कच्या माणसाने काढलेलं ॲप आहे, २०१५ मध्ये आलं, त्यालाही स्वतःला नीट दिसत नाही (बघा, परत तेच). कोणाला काही बघून हवं असलं की तो व्हिडिओ कॉल लावतो आणि जगातला कोणीतरी स्वयंसेवक बघून सांगतो. मी घेतलं होतं. मदत करणारे मागणाऱ्यांच्या कितीतरी पट झालेत तिथे, महिनोन् महिने कॉल येत नाही. शेवटी आला. मी केस नीट केले. पलीकडून एका बाईंनी दोन बाटल्या कॅमेऱ्यासमोर धरल्या, शाम्पू कुठला आणि कंडिशनर कुठला? मी म्हटलं डावीकडचा शाम्पू. त्या म्हणाल्या थँक्यू, आणि ठेवला फोन. माझं नाव नाही, गाव नाही, तुम्ही किती मोठं काम करता नाही! ग्रुपवर टाकायला एक स्क्रीनशॉटसुद्धा मिळाला नाही मला.

तर सगळं झाल्यावर अभिप्राय मात्र जरूर मागवा. आम्ही मागवतो. ऑनलाइन फॉर्म आहे, शेवटी चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखून टिक करायचं, मग सबमिट. सलग तीन वर्षं एकही तक्रार आलेली नाही.