चाचणी निगेटिव्ह, म्हणजे म्हणे आजारच नाही!

अमेरिकेतील न्यू जर्सीसारख्या, दर उन्हाळ्यात गोचीड चावून होणारा लाइम रोग हटकून आढळणाऱ्या राज्यात डॉक्टरांना गोचिडीविषयी रुग्णानेच समजावून सांगावे, याला काय म्हणावे? खसखशीएवढी पिल्लू-गोचीड चावलेली अनेकांना कळतही नाही, तरी पहिला प्रश्न ठरलेला: ‘गोचीड पाहिलीत का?’ मांडीवर तळहाताएवढा लाल चट्टा पसरत असताना, जो या रोगाची खूण म्हणून ओळखून तपासणीची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करायचे असते, पहिल्याच आठवड्यात रक्त तपासून ‘निगेटिव्ह आहे, कोळी चावला असेल’ अशी बोळवण होते. ही चाचणी ज्या शोधते त्या अँटीबॉडी, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीर बनवते ती प्रतिपिंडे, तयार व्हायला काही आठवडे लागतात, हे यांना कोणी शिकवलेच नाही का? संसर्गरोगतज्ज्ञांची वेळ मागावी, तर ती काही महिन्यांनंतरची. विम्याबाहेरचे, अव्वाच्या सव्वा शुल्क घेणारे स्वयंघोषित ‘लाइमतज्ज्ञ’ मात्र उद्याच भेटायला तयार!