चिमट्याने जठराचा कॅन्सर पसरत नाही

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हल्ली एक मेसेज फिरतोय: “जठराचा कॅन्सर पेशींमधला गोंद सुटल्याने पसरतो. बायोप्सीच्या चिमट्याने तो गोंद तुटतो आणि गाठीला हवा लागते. गोंद कॅल्शियमवर चालतो, म्हणून रोज चुन्याची निवळी प्या.” पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणून तर पुढची दोन गळी उतरतात.

हा गोंद म्हणजे मुख्यतः ई-कॅडहेरिन. अस्तरातल्या शेजारच्या पेशी या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात आणि आतून ते कॅटेनिन नावाच्या जोडप्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. त्याचा जीन सीडीएच1, गुणसूत्र 16 वर. डिफ्यूज, म्हणजे पेशी विखरून पसरणाऱ्या प्रकारच्या जठराच्या कॅन्सरमध्ये हा जीन अनेकदा बिघडतो किंवा मिथिलेशनमुळे, म्हणजे त्यावर रासायनिक खूण बसल्याने, बंद पडतो. मग पेशी सुट्या होऊन एकेकट्या जठराच्या भिंतीत शिरतात. न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत हा बिघाड वारशाने येत असल्याचं 1998 मध्ये उजेडात आलं. तिथे कोणाच्या चिमट्याचा काही संबंध नव्हता.

गोंद सुटतो तो पेशीच्या आतल्या बिघाडाने, आणि तोही बायोप्सीच्या आधीच. चिमटा काही मिलिमीटरचा तुकडा उचलतो. उरलेल्या पेशींचा जीन तो बदलत नाही. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं यकृताच्या गाठीत क्वचित घडतं, पण ती भीती जठराच्या आतून घेतलेल्या तुकड्याला लावता येत नाही. राहिली हवा. जेवताना आपण ती गिळतोच, नाहीतर ढेकर कुठून येतो?

ई-कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं, हे खरं. पण शरीर रक्तातलं कॅल्शियम डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅमच्या आसपास राखतं आणि गोंदाला तेवढं पुरतं. प्रथिनच बनत नसेल तर वरून ओतलेलं कॅल्शियम धरणार कशाला? त्यात चुन्याची निवळी तीव्र अल्कधर्मी. अल्सर असलेल्या पोटात ती ओतणं म्हणजे जखमेवर मीठ.

शिवाय चिकटणं नेहमी हिताचंच असतं असंही नाही. पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या प्रथिनांच्या आधारे पेशी भोवतालच्या जाळीतली कोलॅजेन, लॅमिनिन ही प्रथिनं पकडत पुढे सरकते आणि मेटॅलोप्रोटिनेज एन्झाइम वाटेतली जाळी कापतात. पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर (पेरिटोनियमवर) रुजायचं तर सुट्या पेशीला तिथे पुन्हा चिकटावंच लागतं. जठराच्या कॅन्सरच्या दुसऱ्या, इंटेस्टिनल (आतड्यासारख्या ग्रंथी करणाऱ्या) प्रकारात तर ई-कॅडहेरिन बऱ्यापैकी शाबूत असतानाही पेशी गटाने आत घुसतात.

खरा घोटाळा होतो तो तुकडे कमी घेतल्याने. संशयित जागेतून, अल्सर असेल तर त्याच्या काठावरून आणि तळातून मिळून, 6 ते 8 तुकडे हवेत. डिफ्यूज कॅन्सर अस्तराखालून पसरत जातो, त्यामुळे वरवरच्या एका तुकड्यावर “गॅस्ट्रायटिस” (जठराची साधी सूज) असा रिपोर्ट येऊ शकतो. अशा वेळी त्याच जागी खोलवर पुन्हा चिमटा लावावा लागतो. तुकडे लगेच 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात बुडवायचे. सलाईनमध्ये रात्रभर राहिले तर पेशी कुजतात, मग ई-कॅडहेरिन किंवा हर-2 (उपचार ठरवताना तपासलं जाणारं आणखी एक प्रथिन) दाखवणाऱ्या रंगचाचणीवर भरवसा उरत नाही. दुसरं मत घ्यायला टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या ॲक्ट्रेकला किंवा परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं असेल तर लॅबमधून नुसता रिपोर्ट आणू नका, स्लाइड आणि तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्या.