‘विमान नवं आहे ना, मग पंखाची काळजी नको’: हे खरं नाही

पोरांना पायलट करायला निघालेल्या बडोद्यातल्या मराठी घरांत सध्या एक मेसेज फिरतोय. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ओळखीच्या बऱ्याच जणांनी तो मलाही पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ट्रेनिंगचं विमान पंधरा वर्षांच्या आतलं असेल तर पंख तुटायची भीती नाही, त्याहून जुनं असेल तर मुलाला बसवूच नका, आणि तडा गेलाच तर रोज उड्डाणाआधी बघतात तेव्हा तो दिसतोच.

रिफायनरीतल्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्या एडी करंटने, म्हणजे धातूत वीजप्रवाह निर्माण करून तडे शोधण्याच्या पद्धतीने, तपासणं हे माझं काम आहे. त्यामुळे तड्यांशी रोज गाठ पडते, आणि म्हणूनच या मेसेजने मी अस्वस्थ झालोय.

आधी वयाचं बघू. 4 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेत डेटोना बीचला पायपर अ‍ॅरो जातीच्या ट्रेनिंग विमानाचा डावा पंख हवेतच निखळला. टच-अँड-गो करून, म्हणजे धावपट्टीला चाकं टेकवून न थांबता, विमान पुन्हा वर चढत होतं. विद्यार्थी आणि परीक्षक, दोघंही गेले. विमान होतं 2007 सालचं, म्हणजे मेसेजच्या हिशेबाने अगदी निर्धोक. पण तेवढ्या वर्षांत ते 7,690 तास उडालं होतं आणि 33,000 हून जास्त वेळा उतरलं होतं. हवेत असताना पंखाच्या मुख्य स्पारची, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या तुळईची, खालची पट्टी ताणली जाते, चाकं टेकली की तो ताण उलटतो. पत्र्याची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी जशी तुटते, तसंच हे. बऱ्याच पोलादांत ठरावीक ताणाखाली तडा सुरूच होत नाही. स्पार ज्याचा असतो त्या अ‍ॅल्युमिनियमला अशी सूट नाही. प्रत्येक फेरी खात्यावर जमा होते. आपल्या हरणी विमानतळावर दिवसभर सर्किट मारणारं, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या घेत पुन्हा पुन्हा उतरणारं-चढणारं विमान आणि मालकाने रविवारी फिरवून आणलेलं विमान एकाच सालचं असलं, म्हणून सारखं कसं धरायचं?

अमेरिकेच्या एफएएने (तिथलं विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) नंतर काही पायपर मॉडेलांसाठी आदेश काढला, त्यात हाच हिशेब आहे. ट्रेनिंगचे किंवा भाड्याचे तास पूर्ण धरायचे, बाकीच्या तासांना 17 ने भागायचं. बेरीज 5,000 वर गेली की तपासणी. उत्पादनाच्या सालाला त्यात जागाच नाही.

जुनेपणाचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. मे 2019 मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ सेसना 210 चा पंख तुटला, तो तडा गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यातून सुरू झाला होता. गंजाला वर्षं लागतात.

आता ‘दिसतोच’ हा मुद्दा. माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. डेटोनाच्या विमानातला तडा पंख जिथे धडाला जोडतात तिथल्या बोल्टच्या छिद्रातून वाढला होता. छिद्राच्या कडेला ताण आधीच कितीतरी पट वाढलेला असतो, आणि वरून बोल्ट आणि जोडपट्ट्यांनी ती जागा झाकलेली. टॉर्च मारून काय दिसणार? तिथे बोल्ट काढावा लागतो. आधी मुद्दाम खाच पाडलेल्या नमुन्यावर यंत्र लावून घ्यायचं, मग छिद्रात प्रोब, म्हणजे एडी करंटच्या यंत्राची तपासणी-कांडी, घालून सावकाश फिरवायचा. तडा असला की धातूतला प्रवाह त्याला वळसा घालतो आणि स्क्रीनवरची रेषा झटकन उडी मारते. नखालाही न जाणवणारी चीर तिथे दिसते. डेटोनाच्या अपघातानंतर, ते विमान ज्या ट्रेनिंग संस्थेचं होतं तिच्याच आणखी एका विमानात तसाच तडा सापडला.

मग दर महिन्याला बोल्ट का उघडत नाहीत, असं एका ताईंनी विचारलं. कारण बोल्ट काढता-घालताना छिद्राला ओरखडा पडला तर नवा तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. म्हणून तर तासांचा एवढा काटेकोर हिशेब.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी विमान कुठल्या सालचं एवढंच विचारून थांबू नका. एकूण तास किती, त्यांतले ट्रेनिंगचे किती, याआधी ते विमान कशासाठी वापरलं, या मॉडेलला स्पारच्या तपासणीचा आदेश लागू आहे का, आणि असेल तर ती कधी व कोणत्या पद्धतीने झाली, हे विचारा. याच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्या दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर तिथे फी भरू नका.